एकाच लाइनीवर दोन गाड्या

लग्नाचे आणि पासपोर्टचे फोटो काढून तो पोट भरायचा, पण त्याचा खरा जीव रमायचा तो हौशी लोकांनी घरात उभारलेल्या छोट्या रेल्वेचे फोटो काढण्यात. सगळे त्याला फोटोवालाच म्हणत. त्या छंदवाल्यांत मास्तरांचा लेआउट, रूळ-गाड्यांची ती सगळी मांडणी, म्हणजे शेवटचा शब्द. एकतीस वर्षं स्टेशनमास्तर म्हणून काढल्यावर मास्तरांनी घराच्या खालच्या खोलीत, चौदा फुटी टेबलावर, आपलं जुनं स्टेशन जसंच्या तसं उभं केलं होतं. फोटोला मात्र कायम नकार. "अजून पुरं व्हायचंय," म्हणायचे.

म्हणून काकूंचा, म्हणजे मास्तरांच्या बायकोचा, फोन आला तेव्हा फोटोवाल्याला आधी खरंच वाटेना.

"हे दवाखान्यात आहेत," काकू म्हणाल्या. "डावी बाजू गेलीय. फोटो काढून द्या. समोर धरले तर बरं वाटेल ह्यांना."

सकाळी नऊला तो त्या खोलीत शिरला आणि दुपारचे तीन कधी वाजले ते कळलं नाही. आधी मऊ कुंचल्याने रूळ झाडले, कारण असल्या फोटोत धुळीचा कण दगडाएवढा दिसतो. मग कॅमेरा फलाटालगत इतका खाली टेकवला, की बोटाच्या पेराएवढ्या त्या हमालाला जे दिसेल तेच फोटोत यावं. खिडकीचा उजेड पांढऱ्या पुठ्ठ्याने गाड्यांवर फिरवला. एक पॅसेंजर फलाटाला लागलेली होती, पण तिच्यामागे चौकट ओकीबोकी वाटत होती. त्याने बाजूच्या लाइनीवरची मालगाडी उचलली आणि पॅसेंजरच्या मागे, तिच्याच लाइनीवर ठेवली. फोटो भरला. सिग्नलकडे त्याचं लक्षही गेलं नाही.

तो सामान आवरत असताना काकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

"परवा सुतार येतोय," त्या म्हणाल्या. "झोपायची खोली वर आहे, आणि ह्यांना आता जिना चढता यायचा नाही. पलंग इथेच लावावा लागेल."

"आणि हे?"

"हे जाईल." त्यांनी टेबलाकडे पाहिलंही नाही. "ह्यांना बोलू नका. घरी आले की मी सांगेन."

फोटोवाल्याने वाकून टेबलाचे सांधे पाहिले. छंदवाल्यांच्या क्लबातली चार माणसं आली असती तर सांधे सोडवून सगळं नीट हलवता आलं असतं. पण त्याला आठवडा लागला असता.

"आठवडाभर थांबलात तर..."

"दवाखाना मंगळवारी घरी पाठवतोय. तोवर ह्यांना कुठे निजवू? फलाटावर?"

त्याने कॅमेऱ्याची बॅग खांद्याला लावली. पुढे कितीदा तरी त्याला वाटलं, की तिथे हट्ट धरायला हवा होता. पण हवे ते फोटो मिळाले होते, आणि पाय घराकडे वळले होते.

सुतार यायचा त्याच दिवशी तो प्रिंट घेऊन दवाखान्यात गेला. मास्तरांचं तोंड वाकडं झालं होतं, शब्द अडखळत होते, पण नजर जागच्या जागी होती. पहिले तीन फोटो त्यांनी चवीने पाहिले. चौथ्यावर उजव्या हाताचं बोट टेकलं आणि तिथेच राहिलं.

"दोन... गाड्या. एका... लाइनीवर."

"फोटोसाठी ठेवली, मास्तर. चांगलं दिसतं म्हणून."

"सिग्नल... पडलाय." मालगाडीला 'ये' म्हणत सिग्नलचा हात खाली झुकला होता. "डब्यात... माणसं आहेत." घाम फुटला त्यांना. "जा. मालगाडी काढ. सिग्नल... उचल. आजच."

तो तडक निघाला. घराच्या दारातच करवतीचा आवाज आला. स्टेशन मधोमध कापलेलं होतं, तिकीटघर एका तुकड्यावर, फलाट दुसऱ्यावर. झाडं गोणीत कोंबली होती. सुताराने विचारलं, "साहेब, ह्यातलं काही हवंय का?" त्याने नको म्हणून मान हलवली आणि मागे फिरला.

दुसऱ्या दिवशी मास्तर त्याचीच वाट पाहत होते. शेजारी काकू बसल्या होत्या. त्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"केलं, मास्तर," तो म्हणाला. "गाडी बाजूला घेतली. सिग्नल उचलला."

मास्तरांनी डोळे मिटले. नर्स म्हणाली, चार दिवसांत पहिल्यांदा असे गाढ झोपलेत.

मंगळवारी काकूंनीच त्याला बोलावलं. "तुम्ही असलात तर बरं." स्ट्रेचर खालच्या खोलीत आलं. नवा पलंग, भिंतीवर टाचलेले त्याचे फोटो, आणि फरशीवर टेबलाच्या पायांचे पांढुरके डाग. मास्तरांची नजर सगळीकडे एकदा फिरली.

"अहो, ऐका ना..." काकूंनी सुरुवात केली.

मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ते फोटोवाल्याकडे बघत होते.

"सिग्नल... उचलला... म्हणालास."

त्याने भिंतीवरच्या फोटोंकडे नजर वळवली. काकू पलंगाची चादर सारखी करू लागल्या.

त्यानंतर तो दोनदा गेला. दोन्ही वेळा मास्तरांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. तिसऱ्यांदा काकूंनी त्याला दारातच थांबवलं आणि दार मागे ओढून घेतलं.

"आत नका येऊ," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "सुतार तुम्हीच आणलात असं ह्यांना वाटतं. मी... मी तसं वाटू दिलं."

त्याने अर्धी काढलेली चप्पल पुन्हा पायात सरकवली.

"माझ्या हातचे दोन घास खातात हो. खरं सांगितलं तर तेही बंद होईल. सांगा, काय करू मी?" त्यांच्या हातात वाटी होती, पातळ भाताची, अर्धी संपलेली.

"राहू दे, काकू," तो म्हणाला आणि पायऱ्या उतरला.

मास्तर महिन्याभराने गेले. काकूंनी फोन केला नाही. क्लबातल्या एका म्हाताऱ्या सभासदाने कळवलं. बोलणं संपता संपता त्याने घसा खाकरला.

"एक विचारू? तो लेआउट तोडायची घाई तुम्ही केलीत म्हणे. आम्हाला नुसतं कळवलं असतं, तरी येऊन उचलून नेला असता. खरं आहे का हे?"

फोटोवाल्याला काकूंच्या हातातली ती अर्धी वाटी आठवली.

"हो," तो म्हणाला.

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. त्यानंतर कुठल्याही लेआउटचे फोटो काढायला त्याला कुणी बोलावलं नाही.