छापील वेळ

आमच्या स्टँडवर दोन वेळापत्रकं चालतात. एक छापील, भिंतीवर काचेत लावलेलं. दुसरं तोंडी, ते चौकशी खिडकीवर बसणाऱ्या आम्हा दोघींनाच ठाऊक. छापील वेळ वाचून आलेल्या माणसाला आम्ही आपणहून तोंडी वेळ सांगतो. अहो, ती सातची साडेसातशिवाय हलत नाही. अहो, ती पाचची शनिवारी येतच नाही, उगाच ताटकळू नका. अगदी परक्या माणसालाही सांगतो.

नऊ वर्षांत मी फक्त एकाच माणसाला छापील वेळ सांगितली. आमच्या मोठ्या भाऊजींना. आणि चुकून नाही, चांगली ठरवून सांगितली. खोटं कशाला बोलू?

भाऊजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. एक नंबरचे चिंगूस. अकरा वर्षांपूर्वी आम्ही सगळे एकाच घरात राहायचो, आणि किल्ल्यांपासून किराण्यापर्यंत सगळं त्यांच्या हातात. माझा नवरा त्यांच्यापुढे ब्र काढायचा नाही. तेव्हा माझ्या माहेराहून, समुद्राकाठच्या त्या गावाहून, निरोप आला की आईचं दुखणं जास्त आहे, लगेच ये. मी पिशवी भरली. थेट गाडी पाच तासांत नेऊन सोडते. भाऊजी म्हणाले, "थेट कशाला? मधल्या गावाला गाडी बदल, निम्म्या पैशांत काम होतं. मरण काय घड्याळ लावून येतं का?"

तो गुरुवार होता, मधल्या गावचा बाजाराचा दिवस. आमची गाडी बाजारात अडकली आणि पुढची गाडी माझी वाट न बघता निघून गेली. त्यानंतरची अडीचची, ती आलीच नाही. साडेचारपर्यंत मी त्या स्टँडवर उभी होते. बाकडी होती, पण बसवेना. घरी पोचले तेव्हा आईचं तोंड झाकून ठेवलं होतं. शेजारीण म्हणाली, "पाचपर्यंत दाराकडे बघत होती गं." दुसऱ्या दिवशी भाऊजींचा फोन आला. म्हणाले, "येतानाही तशीच ये, परवडतं."

दोन वर्षांनी या खिडकीवर जागा निघाली तेव्हा मी अर्ज केला. सगळ्या गाड्या पाठ केल्या, छापील आणि खऱ्या. लोक म्हणतात बाई हुशार आहे. हुशार कसली डोंबलाची! पोटात आग होती.

भाऊजींना एकच मुलगा. जाऊबाई गेल्या तेव्हा तो सहा वर्षांचा होता. त्याला मीच भरवला, मीच शाळेत सोडला, तापात मीच उशाशी बसले. मला मूल नाही. काकू काकू करत तो बावीस वर्षांचा झाला आणि जहाजावर इंजिनाच्या कामाला लागायचं म्हणाला. बापाने त्या शिक्षणाच्या फीसाठी एक पैसा दिला नाही. वर म्हणाले, "बुडालास तर माझ्याकडे येऊ नकोस." त्यावर दोन वर्षं बापलेकांत शब्द नाही. पोराने आपल्या फोनवर बापाचा नंबरही बंद करून टाकला. मला मात्र रोज फोन.

परवा त्याने सांगितलं, "काकू, गुरुवारी तुझ्या माहेरच्या बंदरातून जहाज निघतंय. दीड वर्ष येणार नाही. साडेपाचला आत जावं लागेल. बाबांना सांग, वाटलं तर या म्हणावं. नाही आले तर समजेन मी काय समजायचं ते." माझी सुट्टी मंजूर झाली नव्हती, नाहीतर मीच गेले असते. निरोप मात्र मी भाऊजींना जसाच्या तसा दिला. ते हूं म्हणाले आणि पेपर वाचत बसले.

आणि गुरुवारी सकाळी आठला रांग मोडून खिडकीशी हजर! नवा शर्ट, हातात पिशवी, पिशवीत पोरासाठी स्वेटर.

"घरचं माणूस खिडकीवर असल्याचा काहीतरी फायदा हवा," ते रांगेकडे बघून हसले. "अगं, स्वस्तात स्वस्त कसं जाता येईल? मधे बदलून निम्म्यात होतं म्हणे."

म्हणे! कोण म्हणे? मी डोळे फाडून त्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं मुद्दाम बोलतायत. पण छे, त्यांच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. साफ विसरले होते. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"सव्वाआठची साधी गाडी," मी म्हटलं. "साडेबाराला मधल्या गावाला. पाऊणची पुढची गाडी. साडेतीनला समुद्रावर."

"पाचच्या आत पोचायलाच हवं हं. पोरगा जातोय."

"छापील वेळ साडेतीनच आहे, भाऊजी."

साडेआठची थेट गाडी समोरच उभी होती, अर्धी रिकामी. भाऊजी तिच्या शेजारून चालत गेले आणि साध्या गाडीत खिडकीजवळ जाऊन बसले. मला हात केला. मीही केला.

दीडला त्यांचा फोन. "अगं, बाजारात तासभर अडकलो! पाऊणची गेली! आता पुढची कधी?"

"छापील अडीच."

"टॅक्सीवाले लुटायलाच बसलेत. थांबतो मी. तू त्याला फोन करून सांग, बाप निघालाय म्हणावं. माझा लागत नाही."

"सांगते," म्हटलं, आणि फोन खणात ठेवून डबा उघडला. किती वर्षांनी अन्न गोड लागलं! उभे राहा म्हटलं. अडीच वाजतील, तीन वाजतील, रस्त्याकडे बघून मान आखडेल. कळू दे एकदा.

दुपारभर मी घड्याळ बघत लोकांना उत्तरं देत होते. शेजारच्या खुर्चीवरची म्हणाली, "आज स्वारी खुशीत दिसतेय." मी म्हटलं, "आहेच."

पाच वाजून वीस मिनिटांनी पुतण्याचा फोन आला. मागे माणसांचा गलबला, कुठेतरी भोंगा.

"काकू, निघतो. फोन नंतर बंद होईल." मग म्हणाला, "नाहीच आले गं. सकाळपासून फाटकाशी उभा आहे. मित्र म्हणतात जेवून घे, म्हटलं तेवढ्यात आले तर." त्याचा आवाज फुटला. चोवीस वर्षांचा घोडा, हुंदके देत होता. "बरं झालं. आता मनातून काढूनच टाकलं त्यांना."

हे मी धरलंच नव्हतं. मी बापाला उभं केलं होतं. तिकडे हा उभा असेल हे माझ्या डोक्यात आलंच नाही. त्याला रडताना ऐकून मी कधी गप्प बसले आहे? तोंडातून निघूनच गेलं.

"अरे, निघालेत ते! सकाळीच निघालेत. मधल्या गावाला गाडी चुकली. आत्ता वाटेत आहेत."

"बाबा? निघालेत? खरंच?"

असा आवाज त्याने माझ्यासाठी कधी काढला नव्हता. कधीच नाही.

"स्वेटर घेतलाय तुझ्यासाठी," मी म्हटलं.

तो हसला, रडता रडता. मग थांबला. "कुठल्या गाडीने पाठवलंस त्यांना? आज तर गुरुवार."

माझ्याच मांडीवर डोकं ठेवून त्याने त्या गुरुवारची गोष्ट ऐकली होती.

"आणि मला कळवायला नाही सांगितलं त्यांनी?"

"सांगितलं होतं. दीड वाजता."

पलीकडे भोंगा पुन्हा वाजला.

"काकू, ठेवतो," तो म्हणाला. "पाच मिनिटं उरलीत. बाबांचा नंबर चालू करतो."

आणि ठेवला. जपून जा म्हणायलाही मिळालं नाही मला. रांगेतली बाई खिडकीवर टकटक करत होती, आणि तिकडे कुठल्यातरी साध्या गाडीत भाऊजींचा फोन वाजत असणार होता.

त्याच स्टँडवर, तेवढाच वेळ मी उभी राहिले होते, तेव्हा मला आई मिळाली नाही. त्यांना पोरगा मिळाला. तोही माझा.