जाहीरनामा दिनाचं भाषण

मला माझ्या बायकोचा हेवा वाटतो. चारचौघांत हे बोलायची सोय नाही, म्हणून लिहून टाकतो. साडूच्या घराचा हेवा वाटला तर लोक समजून घेतात. बायकोचा म्हटलं की हसतात.

आम्ही दोघंही एकाच शाळेत. ती शिवण शिकवते, मी इतिहास. शाळेची रीत अशी, की सरकारी सुट्टी असली तरी सकाळी सगळ्यांनी मैदानात जमायचं, झेंडा फडकवायचा आणि ही सुट्टी नेमकी कशाची, ते एका शिक्षकाने पंधरा मिनिटांत सांगायचं. मग घरी. आता हे काम इतिहासाच्या शिक्षकाचं, हे कळायला ज्योतिषी नको. पण वर्षातला सगळ्यात मोठा दिवस, आपल्या प्रांताच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा दिन, गेली अकरा वर्षं शिवणाच्या बाईंकडे. माझ्या वाट्याला उरलंसुरलं. आपल्या प्रांताची हद्द ठरली तो दिवस माझा. नदीवर पहिला पूल झाला तोही माझा. हद्दीचे दगड किती, ते कोणत्या साली कोणी रोवले, हे मी कागद न बघता सांगतो आणि समोर पाचवीपासून दहावीपर्यंत एकजात सगळे जांभया देतात. मुलं मला ‘सनावळी सर’ म्हणतात. मला ते माहीत नाही, अशी त्यांची समजूत आहे.

ती उभी राहिली की मैदान गप्प होतं. “समजा, तुम्ही भांडी घासताय आणि रस्त्यावरून एकदम गलका ऐकू येतो,” अशी काहीतरी सुरुवात करते. साल नाही, कलम नाही, काही नाही. पोरं आ वासून ऐकतात आणि माझ्या पोटात दुखायला लागतं.

यंदा माझं निवृत्तीचं वर्ष. म्हटलं, एकदा तरी हे भाषण आपल्याला मिळावं. आमच्या मोठ्या बाईंकडे, म्हणजे मुख्याध्यापिकांकडे, स्वतः गेलो. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा कोणापुढे तोंड वेंगाडलं.

“सर, रागावू नका,” त्या म्हणाल्या. “पण तेवढं एकच भाषण मुलांना आवडतं हो. आणि यंदा पाहुणे मोठे आहेत, दफ्तरखान्याचे निवृत्त प्रमुख. बाईंनाच बोलू दे. तुम्ही त्यांना तारखा तपासून द्या.”

तारखा तपासून द्या! अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण “बरं” म्हणालो आणि बाहेर आलो.

आदल्या दिवशी दुपारी तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद ठेवला. “अहो, जरा नजर घाला. पाहुणे जाणकार आहेत म्हणून यंदा थोडा इतिहास घातलाय. त्यातलं मला काही कळत नाही.”

दुसऱ्याच परिच्छेदात वाक्य होतं: ‘आजच्याच दिवशी जाहीरनाम्यावर सह्या झाल्या.’ साफ चूक. सह्या दोन दिवस आधी झाल्या होत्या, बंद दाराआड, सतरा जणांच्या. तो कागद घोडेस्वारांना गावोगाव पोचवायला दोन दिवस लागले, आणि मग चौकाचौकांत एकाच वेळी वाचून दाखवला, तो हा दिवस. सुट्टी ठरवायची वेळ आली तेव्हा यावर भरपूर वाद झाला. शेवटी ठरलं, सह्या सतरा जणांनी केल्या पण ऐकला सगळ्यांनी, तेव्हा सुट्टी ऐकल्याच्या दिवशीच. हे मी दरवर्षी सातवीला सांगतो. भिंतीला सांगितल्यासारखं.

कागद मी तिच्यासमोरच तीनदा वाचला. लाल पेन हातातच होतं. उद्या तो दफ्तरखान्याचा माणूस भर मैदानात उठेल आणि म्हणेल, बाई, हे चुकलं. एकदा तरी ही तोंडघशी पडू दे, असं माझ्या मनात आलं. आलं म्हणजे काय, चांगलं मुक्कामाला राहिलं. मी दोन वेलांट्या दुरुस्त केल्या आणि “छान झालंय” म्हणून कागद परत दिला.

“खरंच?” तिचा चेहरा खुलला. तिला माझ्याकडून शाबासकीची सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी बोलली, म्हणजे झकास. ते वाक्य आलं. मी पाहुण्यांकडे पाहिलं. त्यांची हनुवटी छातीला टेकलेली, डुलकी लागलेली! वाक्य गेलं, भाषण संपलं, टाळ्या झाल्या. मी मनातल्या मनात त्या जाणकाराला शिव्या घातल्या.

“कोणाला काही विचारायचंय?” मोठ्या बाई म्हणाल्या. हे त्या दरवर्षी म्हणतात आणि दरवर्षी कोणालाच काही विचारायचं नसतं.

एक हात वर झाला. सातवीतली मुलगी. खिडकीबाहेर बघते म्हणून मी तिला महिन्यातून दोनदा तरी उभं करतो.

“बाई, सह्या आज नाही झाल्या. दोन दिवस आधी झाल्या. सरांनी शिकवलंय आम्हाला. आज सगळ्यांनी ऐकलं, म्हणून आज सुट्टी.”

पहिल्यांदा काय वाटलं सांगू? कोणीतरी ऐकलं! एकोणतीस वर्षांत एका पोरीने तरी ऐकलं. ऊर भरून आला. तेवढ्यात बायकोने हातातल्या कागदाकडे पाहिलं, लाल वेलांट्यांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. तिला सगळं कळलं.

ती माइकपाशी वाकली. “बरोबर आहे गं बाळा. सरांनी मलाही काल बजावून सांगितलं होतं. मीच घाईत विसरले. तुझ्यासाठी आणि सरांसाठी जोरात टाळ्या.”

मैदान दणाणलं. पाहुणे दचकून जागे झाले आणि तेही टाळ्या वाजवायला लागले. मोठ्या बाई माझ्याकडे वळून कौतुकाने हसल्या. मला उठावं लागलं. हात जोडावे लागले.

आम्ही घरी आलो. चपला काढताना म्हणाली, “कागद तीनदा वाचलात ना?”

“हो.”

“भाषण हवंय असं एकदा सांगितलं असतंत, तर मी ते सोडलं असतं. आनंदाने.”

हे मला ठाऊक होतं. अकरा वर्षं ठाऊक होतं. “तू सोडलेलं मला नको होतं,” मी म्हणालो.

ती चिडली नाही. आत जाता जाता तिने फक्त विचारलं, “आणि आजच्या टाळ्या? त्या कोणी सोडल्या?”