चुंबळ

"मागच्या दोन खोल्या आता साध्याच बांधायच्या," भरतेश मोटारसायकलवरून न उतरताच म्हणाला. "भिंत गुंडा मिस्त्री उचलतील. तुमी त्यास्नी माल द्या."

मनुबाईच्या हातातली थापी थांबली. थंड घरांचं सरकारी अनुदान बंद झाल्याचं तिनंही कालच ऐकलं होतं. कवठे महांकाळच्या उन्हात घर तापू नये म्हणून विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावायच्या आणि मध्ये पोकळी सोडायची, असं ते बांधकाम. त्याला शिकलेला गवंडी लागायचा. सांगलीत महिनाभर शिकवणी झाली आणि बावीस वर्षं डोक्यावर घमेली वाहिलेली मनुबाई मिस्त्री झाली. बोलावणं गुंडा मिस्त्रीलाही होतं, पण या वयात कसली शाळा म्हणून तो गेला नाही. तीन वर्षं मनुबाईनं अशी घरं उभी केली. भरतेशच्या पुढच्या दोन खोल्या तिच्याच हातच्या. आता अनुदान गेलं आणि त्याच्याबरोबर हातातली थापीही निघाली.

या भिंतीला विटा उलट कमीच लागतात, असं तिनं सांगून पाहिलं. भरतेशला ते ठाऊक होतं. त्याची अडचण वेगळी होती. 'मोठं घर, पोकळ वासा' म्हणणाऱ्या गावात पोकळ हा शब्दच बदनाम. सरकार पैसे देतंय म्हटल्यावर पाव्हणे गप्प बसले होते. आता पदरचे घालून पोकळ भिंत बांधली तर हसतील.

"कालपातूर भिंत भक्कम हुती, आण्णा," मनुबाई म्हणाली. "सरकारनं हात काढला आन् एका रातीत पोकळ झाली व्हय?"

तेवढ्यात गुंडा मिस्त्री पिशवी घेऊन आलाच.

मनुबाईला राग आला होता, पण कामाच्या जागी रडणारी बाई ती नव्हे. थापी पुसून तिनं पिशवीत ठेवली आणि तळातून जुनी चुंबळ काढली. लुगड्याच्या काठाची, घामानं काळी पडलेली. तीन वर्षांत ती टाकून दिली नव्हती, कारण सरकारी पाहुणा किती दिवस मुक्काम करतो याचा अंदाज तिला होता. चुंबळ डोक्यावर आणि चुंबळीवर घमेलं, असं सुरू झालं. गुंडा मिस्त्री जुन्या सवयीनं "मने, माल" म्हणत होता. त्या हाकेचं तिला काही वाटलं नाही. आपल्या भिंतीला लागून दुसऱ्याची भिंत चढताना बघायची, हे मात्र लागलं.

दुपारी भरतेशची आई, आक्काताई, डोळे चोळत पुढच्या खोलीतून आली. वर स्लॅब टाकल्यापासून तापणारं पत्र्याचं घर सोडून ती रोज दुपारी इथंच आडवी व्हायची. मागची एक खोली तिचीच होणार होती. ही भिंत अशी का, म्हणून तिनं विचारलं. भरतेशनं अनुदानाचं सांगितलं, लोकांचं सांगितलं.

"अनुदान बंद झालंय. ऊन बंद झालंय का?" आक्काताई म्हणाली. "हसणारी मानसं माझ्या खोलीत निजायला येणार न्हाईत. म्होरल्यासारखीच बांध."

आईपुढे भरतेशचं कधीच चाललं नव्हतं. त्यानं मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्रीनं चढलेले थर उतरवले, दोन विटा कडेवर उभ्या केल्या आणि मधल्या फटीत थापीभर माल लोटला. जन्मभर फट दिसली की बुजवायची, हेच त्याच्या हातांना माहीत.

मनुबाईनं घमेलं खाली ठेवलं. फटीत हात घालून तिनं तो माल उपसून काढला.

"मिस्त्री, हितं काय भरू नगा. ह्ये रिकामंच काम करतंय."

गुंडा मिस्त्रीनं वाकून फटीत पाहिलं. मग भिंतीची सरळ बघायचा ओळंबा तिच्या हातात देऊन तो माल कालवायला गेला. साठी उलटलेला माणूस, चाळीस वर्षांत त्यानं घमेलं उचललं नव्हतं. त्यानं ते चुंबळीवाचून तसंच टोपीवर घेतलं. चार पावलांत मान लटपटली आणि मालाचं पाणी गालावरून खाली आलं.

"गुंडा, माल" हे शब्द मनुबाईच्या अगदी जिभेवर आले होते. बावीस वर्षं "मने, माल" ऐकल्यावर कुणी तिला नावंही ठेवली नसती. ती पुढं गेली, घमेलं उतरवून घेतलं, आपल्या डोक्यावरची चुंबळ त्याच्या टोपीवर नीट बसवली आणि घमेलं परत वर ठेवलं.

"म्होरं बघून चाला," ती म्हणाली आणि पिशवीतली थापी काढायला वळली.