धाकलूच्या वाट्याचं काम

धाकलूला सगळं ऐकू येत होतं, आणि तीच मोठी पंचाईत होती. डोळे मिटलेले, हातपाय परक्याचे झालेले, घशात नळी, आणि उशाशी एक मशीन त्याच्या छातीत हवा भरत होतं. ऐकू आलं नसतं तर निदान भीती तरी वाटली नसती. पण कान शाबूत होते, त्यामुळे त्याची भीतीही अगदी ठणठणीत होती.

टोकावड्याजवळच्या पाड्यावर तो जमिनीवर गोधडी टाकून झोपला होता, तेव्हा त्याला मण्यार चावली. ही सापाची जात मोठी लबाड, चावते पण दुखू देत नाही. सकाळी पोटात कळ आली, तर धाकलू म्हणाला, बोंबील बाधला. जनीने, त्याच्या बायकोने, ओवा चावायला दिला. मग पापण्या मिटायला लागल्या, जीभ जड झाली, तेव्हा कुठे मोठा भाऊ बुधू हादरला आणि जीप करून त्याला मुरबाडला घेऊन गेला. तिथून ॲम्ब्युलन्सने शहापूरला मोठ्या हॉस्पिटलात. नळी घालताना धाकलू पूर्ण जागा होता.

डॉक्टरांनी बुधूला समजावून सांगितलं. विषाने अंग झोपवलंय, मेंदू नाही. औषध दिलंय, मशीनवर काही दिवस काढले की माणूस उठून बसेल. बुधूने मान हलवली. त्याने मान हलवली म्हणजे त्याला पटलं असं नव्हे, पण डॉक्टरांना दुसऱ्या पेशंटकडे धावायचं होतं.

राहिली मेघा सिस्टर. आसनगावची, नवीनच लागलेली. नर्सिंग कॉलेजात तिला एक सिद्धांत शिकवला होता, की माणूस कितीही खचला तरी स्वतःची काळजी घेण्याचं काहीतरी काम त्याच्याकडे उरलेलंच असतं. नर्सने आधी ते शोधायचं, आणि त्याला जमत नाही तेवढंच आपल्या अंगावर घ्यायचं. सिद्धांत परीक्षेत लिहायचा आणि निकाल लागला की विसरायचा, असंच बहुतेकांचं चालतं. मेघाचं डोकं जरा उलटं होतं, तिला तो खराच वाटला होता.

"दादा, मी मेघा," ती प्रत्येक वेळी सांगायची. "आता तुमची कूस बदलतेय. श्वास मशीन घेतंय, तोंड मी पुसतेय. तुमच्या वाट्याचं काम मात्र मला अजून सापडलं नाही. तुम्हीही शोधा, मीही शोधते."

बाजूची माणसं हसायची. धाकलू मात्र शोधायला लागला. बोटं, ओठ, भुवया, सगळीकडे आतून धक्के मारून पाहिले. कुठेच काही हलेना. आणि मग दुसऱ्या दिवशी दुपारी डाव्या पायाचा अंगठा हलला. चिमूटभरच, पण हलला! आनंदाने ओरडावंसं वाटलं, पण ओरडणार कशाने? अंगठा चादरीखाली होता आणि मेघा उशाशी औषधाची बाटली बदलत होती. ठीक आहे, पुन्हा येईल तेव्हा दाखवू, असं त्याने ठरवलं.

त्याआधी भेटायची वेळ झाली. बुधू आणि जनी आत आले.

"हा नाय गो राहिला," बुधू हलक्या आवाजात म्हणाला. "हात लावून बघ, कसा गार पडलाय. ते मशीन भात्यासारखी हवा मारतंय म्हणून छाती हलते."

"डॉक्टर म्हंतात, उठंल."

"डॉक्टरला काय, त्याचं माणूस हाय का? बाहेर मेला तर आपल्यात घरात घेत नाय, वेशीवरूनच न्यायचा. आमचा धाकल्या असा परक्यासारखा जायचा? नाय जनी. जीव हाय म्हणून घरी नेऊ, ओटीवर ठेवू, मंग नळी काढू. आपल्या दारातून जाऊ दे त्याला." बोलता बोलता बुधूने त्याच्या कपाळावरून हात फिरवला. माया खोटी नव्हती. त्या मायेचीच धाकलूला सगळ्यात जास्त भीती वाटली.

मग पायाशी चादर हलली. टॉवेलची चिंधी फाटल्याचा आवाज आला. बुधूने दोन्ही अंगठे एकत्र आणले, चिंधीचे वेढे दिले आणि गाठ मारली. बाप गेला तेव्हा असेच अंगठे बांधले होते, ताठण्याआधी, आणि पाय धरले होते ते धाकलूनेच. मढ्याचे बांधतात तसे माझे बांधले! धाकलू आतल्या आत किंचाळला. मशीन आपल्या तालात चालत राहिलं.

बुधूने मेघाला बोलावलं. "आमी पेशंट घरी नेतो. कुठं सही करायची ती सांग."

"नळी काढली तर ते काही मिनिटांत जातील," मेघा म्हणाली. "काका, मला थोडा वेळ द्या." ती धाकलूच्या कानाशी वाकली. "दादा, ऐकू येतंय ना? काहीही हलवा. काहीही."

धाकलूने होता नव्हता तो सगळा जीव अंगठ्यात लावला. गाठ हलेना. मेघा बोटं बघत होती, पापणी उचलून बघत होती. अगो पायाकडे बघ, पायाकडे! ती बघत नव्हती.

"बघितलंस ना बाय?" बुधू म्हणाला.

मेघाने पापणीवरचं बोट काढून घेतलं. तिलाही शंका आलीय, हे धाकलूला त्या काढून घेतलेल्या बोटावरून कळलं, आणि त्याच्या भीतीला आता तळच उरला नाही.

"न्या," शेवटी ती म्हणाली. "पण अंग पुसून देते. असं घामेजलेलं नाही पाठवणार."

ओला कपडा कपाळावरून फिरला. मान, काख, पोट. धाकलू वाट बघत होता. गुडघे. मग चादर उडाली आणि मेघाच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला. कात्रीचं थंडगार पातं दोन अंगठ्यांच्या मध्ये शिरलं आणि चिंधी सुटली.

डावा अंगठा टुणकन हलला.

"अगो आई!" जनी ओरडली. "हलला! भावजी, हलला!"

"पुन्हा, दादा," मेघा म्हणाली. अंगठा पुन्हा हलला. ती रडत होती की हसत होती, ते कळेना.

बुधूचा आवाज मात्र सुकला होता. ज्याच्या पायाला गाठ मारली तो जिवंत निघाला, हे मानायचं कसं? "मेलेल्याच्या बी नसा उडतात," तो पुटपुटला. "आपोआप हलत आसंल." मग तो स्वतःच पायाशी वाकला. "धाकल्या, ऐकतोस का रे? तुला घरी नेऊ? नेऊ तर हलीव."

"असं नका विचारू!" मेघा म्हणाली. पण विचारून झालं होतं.

धाकलूच्या अंगावर काटा आला असता, अंग त्याचं असतं तर. कारण अंगठा सुटल्याच्या आनंदाने आतून थरथरत होता, नुसता उडू बघत होता. आता एकदा जरी उडाला तरी ओटी, नळी, आणि संपलं. त्याने अंगठ्याला आवळून धरलं. हलू नको. बाबा, हलू नको. बुधूचा श्वास पायावर लागत होता. जनी देवाचं नाव पुटपुटत होती. अंगठ्यात मुंग्या चढत होत्या.

बुधू तसाच वाकून राहिला. मग "नको म्हंतोय," म्हणत त्याने कपाळ त्या पावलाला टेकवलं आणि तो हमसून हमसून रडायला लागला.

दोन दिवस धाकलू हलला नव्हता, कारण त्याला हलताच येत नव्हतं. या वेळी तो हलला नाही, ते त्याने स्वतः केलं होतं.