पेंगलेला सिग्नल

येणारा साहेब रेल्वेचा आहे आणि रेल्वेचा नाहीही, असं बरकत सांगून गेला, आणि तेव्हापासून रुक्मिणीबाईचं कशातच लक्ष लागेना. खरं तर तो नुसता सांगून निघालाच होता. पण बाईला मुळात चौकशीची भारी खोड. फाटकाशी थांबलेल्या वाटसरूला पाणी द्यायच्या आधी ती त्याचं गाव, आडनाव आणि कुठं निघालास एवढं काढून घ्यायची. तिच्यापुढं असलं कोडं टाकून कुणी सायकलवर टांग मारतो म्हटलं, तर ती सोडते होय! तिनं बरकतच्या सायकलचं हँडलच धरलं.

"रेल्वेचा न्हाई, तर मंग कुनाचा हाय?"

"सरकारचा, वहिनी."

"आन् रेल्वे काय माझ्या मामाची हाय? ती बी सरकारचीच की."

बरकत स्टेशनावर सांधेवाला होता. गाड्यांचे रूळ बदलायचं काम त्याला डोळे मिटून जमायचं, पण हे समजावून सांगणं त्यालाही नीट जमत नव्हतं. "स्टेशनमास्तर म्हणत होते, हा साहेब टपाल आणि विमानं ज्या खात्याकडं हायेत, त्या खात्याचा. लढाईच्या साली तशी येवस्था झाली. अपघात रेल्वेचा, चौकशी बी रेल्वेचीच, असं नको म्हणून."

"टपालाचा सायेब रूळ बघनार?" रुक्मिणीबाईनं हँडल सोडलं. "उद्या पोस्टमनला इंजिन धुवायला लावतील."

ती हसली खरी, पण हसण्यासारखे दिवस नव्हते. तिचा नवरा चिमाजी बाभूळफाटकाचा गेटमन. पिंपरीला औषधांचा कारखाना उभा राहत होता ते साल. वाकडकडच्या भट्ट्यांवरून विटांच्या बैलगाड्या दिवसभर त्या फाटकातून रूळ ओलांडायच्या. फाटकाला ना टेलिफोन, ना घंटा. स्टेशनाच्या बाजूला उंच खांबावर सिग्नलचा हात होता. तो आडवा असेल तर गाडी येणार नाही. स्टेशनात दांडा ओढला की लांबवर गेलेली तार ताणली जायची, हात खाली पडायचा, आणि चिमाजीनं फाटक लावायचं. सिग्नल पडला म्हणजे गाडी आली, हे तिथल्या शेळ्यांनासुद्धा ठाऊक होतं.

बारा दिवसांपूर्वी, वैशाखाच्या भर दुपारी, एरवी ऊन तापायच्या आत जाणारी पॅसेंजर दोन तास उशिरा उघड्या फाटकावर आली. रुळांवर मधोमध सोनबाची विटांची गाडी होती. सोनबा उडी टाकून वाचला. त्याचा एक बैल जागीच गेला, इंजिन रुळावरून उतरलं आणि पहिल्या डब्यातल्या चौघांची हाडं मोडली. तिसऱ्या दिवशी रेल्वेचे स्वतःचे साहेब येऊन गेले. ड्रायव्हर म्हणाला, सिग्नल पडलेला होता. चिमाजी म्हणाला, पडला नव्हता. एका नव्या कारकुनानं ते भराभरा इंग्रजीत उतरवलं, चिमाजीनं अंगठा उठवला, आणि दोन दिवसांत कानावर आलं की दोष गेटमनचा. आता नोकरी जाणार आणि वर फौजदारी खटला, म्हणजे तुरुंगसुद्धा.

यातली खरी गोष्ट मात्र नवरा-बायकोलाच माहीत होती. वर्षभरापासून चिमाजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. त्याला खांब दिसायचा, हात दिसायचा नाही. माणूस कामाला इतका काटेकोर की हिरवं-तांबडं निशाण रोज स्वतः धुवायचा, पण डोळ्यांचं कुणाला सांगायची त्याची छाती होत नव्हती. मग तो फाटकाशी उभा राहून विचारायचा, "पडला का गं?" आणि रुक्मिणीबाई चुलीपुढून मान वर करून सांगायची, "पडला," नाहीतर "न्हाई." त्या दुपारीही त्यानं विचारलं होतं. ती म्हणाली होती, "न्हाई. पेंगलाय निस्ता."

"डोळ्यांचं अवाक्षर काढायचं न्हाई," चिमाजीनं तिला बजावलं होतं. तिनं नाकातल्या नथीची शपथ घेतली होती.

साहेब ऐन बारा वाजता आला. रुळावरून ढकलत आणलेल्या ट्रॉलीवर छत्री धरून बसलेला, किडकिडीत, डोक्याला ओला रुमाल. कारखानीस त्यांचं नाव. चहा नको म्हणाले, खुर्ची नको म्हणाले, पाणी मात्र दोन तांबे प्यायले. एवढी संधी रुक्मिणीबाईला पुरे होती.

"तुमी नक्की कुनाचं म्हनायचं, सायेब?"

बरोबर आलेला रेल्वेचा हेडक्लार्क दचकला. कारखानीस मात्र खुशीत आले. बहुधा इतक्या सरळ शब्दांत त्यांना कुणी विचारलं नसावं. "गाड्या चालवणारे वेगळे, बाई, आणि त्या धड चालवतात का ते बघणारा वेगळा. मी बघणारा. रेल्वेचे साहेब माझे साहेब नव्हेत."

"मंग तुमाला त्येंचं भ्या न्हाई."

"नाही."

"म्हंजी तुमी आमच्या बाजूचं."

"तुमच्याही नाही," साहेब म्हणाले आणि तांब्या परत दिला. रुक्मिणीबाईला ते अजिबात आवडलं नाही. कुणाच्याच बाजूचा नसलेला माणूस तिनं आजवर पाहिला नव्हता.

लिंबाखाली टेबल मांडलं. साहेबांनी कागद काढला आणि इंग्रजीवरून मराठी करून वाचलं. "चिमाजी, तुम्ही सांगितलंत, सिग्नल बिघडलेला नव्हता. बरोबर?"

चिमाजी गोंधळला. "आसं म्या कवा म्हनलो?"

"खाली तुमचा अंगठा आहे."

"म्या म्हनलो, सिग्नल पडला नव्हता!"

साहेबांनी कागद खाली ठेवला. ते हेडक्लार्ककडं वळले. "तुमच्या कारकुनाला पंखा बंद पडतो तेवढं माहीत. सिग्नल पडणं माहीत नाही. पडला नव्हता म्हणजे मोडून पडला नव्हता, असं लिहिलं त्यानं. हा माणूस सांगत होता की गाडी येतेय असा इशाराच मिळाला नाही. आणि कागद म्हणतो, सिग्नल ठणठणीत होता, हा याचाच कबुलीजबाब आहे."

आपल्याच तोंडचं वाक्य आपल्यालाच गुंतवून बसलं होतं, हे चिमाजीला तेव्हा कळलं. रुक्मिणीबाईला तर त्या कारकुनाला चांगला फैलावर घ्यावासा वाटला, पण तो तिथं नव्हता. तिला वाटलं, सुटलो आता. देव पावला.

पण साहेबांचं कुतूहल तिच्याहून दांडगं निघालं. "आता मला एक उलगडत नाही," ते म्हणाले. "ड्रायव्हरलाही मी काल भेटलो. तो खोटं बोलणारा वाटला नाही. तुम्हीही वाटत नाही. चिमाजी, तो सिग्नल त्या वेळी कसा होता ते तुमच्या हातानं करून दाखवा बघू."

चिमाजीनं उजवा हात खांद्याच्या रेषेत ताठ आडवा धरला.

"असा? जराही खाली नाही?"

"जरा बी न्हाई."

साहेबांनी वहीत काही लिहिलं, आणि त्यांच्या तोंडावरची मघाची खुशी गेली. "ड्रायव्हरनं हात पार खाली करून दाखवला होता. दोघांतला एक जण खोटं बोलतोय, असं मला आता लिहावं लागणार."

दारात उभ्या रुक्मिणीबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. त्याचा हात अजून ताठ आडवाच होता आणि तो खांबाकडं नव्हे, भलतीकडंच बघत होता. त्याला खोटारडा ठरवून नेतील. ज्या माणसानं सिग्नल पाहिलाच नाही, त्याला सिग्नलवरून खोटारडा ठरवतील. ती पुढं आली तेव्हा तिला नथही आठवली, शपथही आठवली.

"सायेब, ह्यो आसा व्हता." तिनं आपला हात आडवा धरला आणि कोपर न वाकवता वीतभर खाली सोडला. "आडवा न्हाई आन् पडलेला बी न्हाई. आमी त्येला पेंगला म्हनतो. उनाळा लागल्यापासनं पेंगतोय. पहाटं गार आसतं तवा पेंगतो आन् गाडी तर येत न्हाई. म्हनून म्या ह्यांना म्हनले, पेंगलाय निस्ता, ऱ्हाऊ द्या फाटक."

"तुम्ही म्हणालात?"

"ह्यांना दिसत न्हाई, सायेब. वरीस झालं. म्याच बघते."

चिमाजीनं आडवा धरलेला हात खाली घेतला. हेडक्लार्कचा चेहरा खुलला; दोष आता गेटमनकडंच राहणार होता. साहेब मात्र उठून सिग्नलच्या तारेकडं चालू लागले होते. ते उकिडवे बसले, रुमालात धरून तार हलवली. ती सैल पडून चांगली झोके घेत होती. मग त्यांनी बरकतला सायकलवर स्टेशनात पिटाळलं आणि दांडा ओढायला लावला. सगळे वर बघत राहिले. करकर करत हात हलला, वीतभर खाली आला आणि तिथंच थांबला.

"पेंगला," साहेब हळूच म्हणाले. त्यांना तो शब्द फारच आवडला होता. "तार उन्हानं लांबते, बाई, गारव्यानं आखडते. रोज कुणीतरी ती पिळून बेताची करायची असते. ते काम कुणाचं?"

हेडक्लार्क बूट न्याहाळत म्हणाला, "ती जागा चार महिने रिकामी आहे."

"पहाटे तार आखडते, म्हणून हात आपोआप जरासा उतरतो. दुपारी ती सैल असते, म्हणून दांडा ओढला तरी पुरता पडत नाही. दिसायला दोन्ही सारखेच. ड्रायव्हरनं त्याला पडला म्हटलं आणि तुम्ही पेंगला म्हटलं." त्यांनी वहीत भराभरा लिहिलं. "खटला होणार नाही. दोष त्या रिकाम्या जागेचा आहे. असला अर्धवट हात पाहून ड्रायव्हरनं थांबायला हवं होतं, तेही लिहीन."

रुक्मिणीबाईनं पदर पसरला. "आन् डोळ्यांचं?"

"तेही लिहिणार."

"त्येच्यानं तर काय झालं न्हाई ना! मला दिसत व्हतं की!"

"खरंय. पण त्या कारकुनानं एक शब्द उलटा लिहिला. मी एक शब्द गाळला तर मी त्याच्याहून वाईट."

ती त्या क्षणी त्यांच्यावर इतकी चिडली की टेबलावरचा तांब्या तिनं आदळून उचलला. जाताना साहेबांनी चिमाजीच्या खांद्यावर हात ठेवला, तो कुणाचा हेही त्याला कळायला वेळ लागला.

अहवालाची बातमी गणपतीच्या सुमारास बरकतनंच आणली. मास्तरांनी त्याला वाचून दाखवला होता. सगळं इंग्रजी, मधेच 'पेंगला' एवढं मराठी, आणि पुढं रुक्मिणीबाईचं नाव. चिमाजी निर्दोष. त्याला स्टेशनात पाणी भरायचं काम. नवीन गेटमन पहिल्या तारखेला हजर होणार आणि फाटकाची खोली सोडायची.

सामान बांधलं त्या सकाळी दोन कामगार फाटकाच्या खांबावर काहीतरी ठोकत होते. चिमाजी निशाणं धुऊन, घडी घालून नव्या माणसाच्या हातात देत होता. इतक्यात डोक्यावर खणखणीत घंटा वाजली. रुक्मिणीबाई दचकली. वरचा कामगार म्हणाला, "स्टेशनातनं बटन दाबलं की वाजणार, मावशी. त्या चौकशीच्या साहेबानंच लिवलंय, गेटमनला नुस्त्या नजरेवर ठेवू नका म्हणून."

नवा गेटमन मान वर करून सिग्नल शोधत होता. चिमाजीनं कुणाला काही विचारलं नाही. तो घंटेबरोबर वळला, न चाचपडता सरळ फाटकापाशी गेला, एक बाजू लावली, रूळ ओलांडून दुसरी लावली, कडी अडकवली, आणि निशाण धरायला हात उचलला तेव्हा तो रिकामा आहे हे त्याच्या ध्यानात आलं.

गाडी धडधडत निघून गेली. घंटा थांबली.

"अगं," तो म्हणाला, "ह्ये तर मला जमलं आसतं."

रुक्मिणीबाईला रडू आवरेना. तिनं डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवलं आणि त्याला हाताला धरून फाटकाच्या बाहेर आणलं.