उंबराच्या गळ्यापर्यंत माती

मावला गावातल्या आमच्या प्लॉटवर घर उभं राहायच्या आधी मी तिथे उंबर लावला. बुडाशी दत्तगुरूंच्या पादुका ठेवल्या. आंघोळ झाली की उंबराला अकरा प्रदक्षिणा घालायच्या, त्या पुऱ्या होईस्तोवर चहा नाही आणि तोंडातून शब्दही नाही, हा माझा नऊ वर्षांचा नेम आहे.

गेल्या वैशाखात आमच्या यांनी, शीतलच्या बाबांनी, अंगण उंच करायचं मनावर घेतलं. पावसाचं पाणी साचायचं, हे खरंच. पण यांनी मुरूम आणला नाही. बेला गावातल्या आमच्या शेतातली काळी माती आणली, सोळा ट्रॉल्या! जन्मभर कापूस पिकवलेला माणूस. त्या मातीहून चांगलं यांना जगात काही दिसत नाही.

"अवो, कोणाले विचारा लागते का, पाहा तं आधी," मी हळूच म्हटलं.

"काऊन? माती आपली, प्लॉट आपला. विचारू कोणाले?"

माती उंबराच्या बुंध्यावर हातभर चढली. पादुका यांनीच उचलून वर ठेवल्या, नमस्कार केला. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

आषाढात ती माती फुगली. रस्त्याकडे जाणारं पाणी अडलं आणि शेजारच्या कुसुमबाईंच्या भिंतीला लागलं. त्या कंपाउंडवरून ओरडल्या, "चंपतभाऊ, तुमचं वावर माह्या सैपाकघरात येऊन राह्यलं!"

"आलं तं पेरून घ्या, वैनी!" हे हसत म्हणाले.

कुसुमबाई हसल्या नाहीत. त्यांनी बांधकाम-परवानगीच्या ऑफिसात तक्रार दिली आणि आमच्याशी बोलणं टाकलं. मलाही राग आला, खोटं कशाला सांगू.

त्याच दिवसांत उंबराची पानं पिवळी पडून गळायला लागली. चिखलात पाय रुतायचे, मोजणी चुकायची, म्हणून मी प्रदक्षिणा पुन्हा पहिल्यापासून घालायची. महाराज, माझ्या नेमात काय कमी पडलं? माझं काही चुकलं असेल तर मला शिक्षा द्या, झाडाला नको. रोज एवढंच मागणं.

एका गुरुवारी हे बेल्याला गेलेले असताना ऑफिसातल्या मॅडम आल्या. माझी सातवी प्रदक्षिणा चालू होती.

"अम्मा, ये मिट्टी किसने डलवाई?"

मी हात जोडले, झाडाकडे बोट दाखवलं आणि चालत राहिले. वाटलं, आता रागावतील. त्यांनी तर फाटकाशी चपला काढल्या आणि उंबराखाली येऊन उभ्या राहिल्या. चार प्रदक्षिणा बाकी होत्या. तेवढ्यात त्यांनी वर पानांकडे पाहिलं, मग खाली बसून काडीने बुंध्याजवळची माती उकरली. मी अकरावी संपवून डोकं टेकलं, तशी त्यांनी हाक मारली.

"अम्मा, इधर देखो."

मातीखालची साल काळी, मऊ पडली होती. बोट लावलं तर सुटून आली. आंबूस वास येत होता.

"पेड का गला दबा दिया आपने. जड को भी हवा लगती है."

मग त्यांनी नोटीस वाचून दाखवली. परवानगी न घेता जमीन उंच केली, पाण्याची वाट बुजवली. पंधरा दिवसांत माती काढून अंगण पहिल्यासारखं करा. पुढे उंच करायचं असेल तर आधी अर्ज, सोबत नकाशा, आणि त्यात पाणी कुठून जाणार ते दाखवायचं.

मी तो कागद कपाळाला लावला.

मॅडम हसल्या. "नोटीस को कोई ऐसा लेता है क्या?"

संध्याकाळी हे आल्यावर आधी खूप कुरकुरले. मी हाताला धरून उंबराजवळ नेलं. सालीवर हात ठेवून हे खालीच बसले.

"कापसाच्या पराटीच्या बुडाले मी कधी इतकी माती नाही लावली, शीतलची माय. इथं काऊन समजलं नाही मले?"

बाकीची माती मशीनने निघाली, पण उंबराजवळ यांनी मशीन येऊ दिलं नाही. चार दिवस स्वतः बसून खुरप्याने मोकळं केलं. माती परत बेल्याला गेली, पादुका आपल्या जागी आल्या. मग रीतसर अर्ज दिला. परवानगी आली तेव्हा वीतभरच मुरूम टाकला, रस्त्यापर्यंत नाली काढली आणि उंबराभोवती मोठं आळं मोकळं सोडलं.

आश्विनात फांदीच्या टोकाला तांबूस कोंब दिसले. मी मोजले. सात होते. त्या दिवशी आरती झाल्यावर प्रसादाचं ताट घेऊन मी कुसुमबाईंच्या दारात गेले.

त्या दारातच अडून उभ्या राहिल्या. "तक्रार केली म्हून परसाद?"

"हो. तुमी नसती केली तं माहा उंबर गेला असता. मी रोज देवाले विचारत होती, अन् उत्तर तुमी ऑफिसात लिहून देऊन आल्या होत्या."

त्यांनी पदर पुढे करून प्रसाद घेतला. मग भिंतीवरचा ओलीचा डाग दाखवत म्हणाल्या, "वाळून राह्यला आता. चंपतभाऊले सांगा, पेरायचं राहून गेलं."

मी घरी येऊन सांगितलं. हे हसले, आणि चुन्याची बादली घेऊन तिकडे गेले.