कुठला डोंगर?

विद्युलताने स्टुलावर चढून प्रयोगशाळेतल्या फलकावर निळी पट्टी चिकटवली आणि अंगठ्याने दाबून आतली हवा काढली. मग खाली उतरून तिने लांबून पाहिलं. आता वाक्य सरळ वाचता येत होतं: तरुणांना अभियांत्रिकी आणि संगणनाच्या बळावर आपापल्या गावचे प्रश्न सोडवायला शिकवणे, हे या महाविद्यालयाचे ध्येय आहे. पट्टीखाली गेलेले शब्द होते ‘डोंगराळ भागातील’.

चेन्नईजवळच्या शोळिंगनल्लूरला डोंगर नाही. एकीकडे समुद्र, दुसरीकडे पाणथळ, मधे सॉफ्टवेअर कंपन्यांच्या काचा. कॉलेज सुरू झालं तेव्हा डीननी विद्युलताकडून संध्याकाळच्या आत ध्येयवाक्य मागितलं होतं. सोलापूरहून नुकत्याच आलेल्या विद्युलताने उत्तरेकडच्या कुठल्याशा कॉलेजचं वाक्य उचललं. उसनं पातेलं आपलंच म्हणून वापरावं आणि त्यावर कोरलेलं नाव कुणी वाचूच नये, तसं पुढे झालं. फलक रंगले, माहितीपत्रकं छापली गेली, पोरांनी वाक्य तोंडपाठ केलं. मान्यता समिती येते तेव्हा समोर दिसेल त्याला ध्येय विचारते, म्हणून शिपायापासून डीनपर्यंत सगळ्यांची घोकंपट्टी. काल पहिल्या वर्षाचं पाठांतर घेताना विद्युलताच्या कानाला तो डोंगर पहिल्यांदा टोचला.

मागच्या खेपेला समितीने संगणन शाखेची मान्यता अडवली होती. आजही नाही मिळाली तर जूनपासून प्रवेश बंद आणि करारावर शिकवणाऱ्या विद्युलताची नोकरीही. काल तिने सगळ्यांना निरोप धाडला होता, ते दोन शब्द गाळा. कारण सांगितलं नव्हतं. चोर तो चोर, वर कारणं कसली द्यायची!

समितीचे प्रमुख दिनानाथ नागपूरचे निवृत्त प्राध्यापक होते. सकाळभर एकसारखं वाक्य ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर कंटाळा दिसायला लागला होता. प्रयोगशाळेत शिरल्यावर ते पहिल्याच टेबलाशी थांबले. तिथे शेवटच्या वर्षाची प्रमोदिनी एक पत्र्याची पेटी पुढ्यात घेऊन उभी होती. गळ्यातलं ओळखपत्र वाचून त्यांनी मराठी येतं का विचारलं.

“घरातलं येतं, सर. आम्ही तंजावूरचे.”

त्यांना मौज वाटली. मग सवयीने त्यांनी ध्येय विचारलं. प्रमोदिनीने ते इंग्रजीत घडाघडा म्हटलं, डोंगरासकट.

विद्युलताचा हात ओढणीच्या टोकावर थांबला. इतकी हुशार पोर, आणि आजच हिला विसरायचं होतं! दिनानाथांनी फलकाकडे पाहिलं, पट्टीकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे बारीक झाले.

“फलकावर तर डोंगर नाही. इथे कुठला डोंगर आणलास?”

“जव्वादु मलै, सर.”

मग तिने सांगितलं. पहिल्या वर्षी फलक वाचून तिला कोडं पडलं होतं की समुद्राकाठच्या कॉलेजात हे डोंगराळ भागातले कोण. ती वर्गावर्गात विचारत हिंडली, पोरं हसली. शेवटी हॉस्टेलवर यंत्र शाखेची सेल्वी भेटली, जव्वादु डोंगरातली. तिच्या गावात फोनला रेंज नाही. कुणी आजारी पडलं तर दवाखान्याला निरोप द्यायला एकाने डोंगर उतरायचा. त्या निरोपासाठी ही पेटी. पेटी आणि तिचं सौर पॅनेल सेल्वीने केलं, आतला प्रोग्राम प्रमोदिनीने लिहिला. अशा पेट्या चिंचेच्या झाडांवर बांधल्या होत्या आणि एकीकडून दुसरीकडे रेडिओवरून निरोप जात होता. गेल्या पावसाळ्यात सेल्वीच्या वहिनीसाठी ॲम्ब्युलन्स वेळेवर आली ती त्याच निरोपामुळे.

विद्युलता ऐकत राहिली. या प्रकल्पावर तिचीच सही होती. मुलींना सहलीला जायचंय म्हणून डोंगर निवडला, असं ती धरून चालली होती. आपण न वाचता उचललेलं वाक्य या मुलीने खरं मानून वाचलं, याची तिला लाज वाटली, आणि लाजेहून जास्त नवल वाटलं.

“मग फलकावरून का काढलं?” दिनानाथांनी विचारलं.

“नकळे, सर. काल काढा म्हटले. मला म्हणायला जमलं नाही.” प्रमोदिनीने विद्युलताकडे पाहिलं. “मॅम, मीच विचारणार होते. का काढलात?”

डीन घसा खाकरून पुढे सरकले. छपाईची अडचण वगैरे सांगायला त्यांनी सुरुवातही केली. दिनानाथ मात्र विद्युलताकडेच बघत होते. खरं सांगितलं तर सगळंच सांगावं लागलं असतं, ते उत्तरेकडचं कॉलेज, ती संध्याकाळ. तिने ओढणीचं टोक सोडलं.

“ते शब्द माझे नाहीत, सर. दुसऱ्या कॉलेजच्या वाक्यातून न वाचता आले.” ती थांबली. “आणि काढले तीही चूकच.”

डीननी डोळे मिटून घेतले.  दिनानाथांनी पेटीचं झाकण उघडून आत डोकावून पाहिलं आणि जव्वादु इथून किती लांब, उद्या गाडी मिळेल का, असं डीनना विचारलं. डीनना आधी कळेचना.

“अहो, मला डोंगर बघायचाय.”

विद्युलताने स्टूल पुन्हा फलकाखाली ओढलं. प्रमोदिनीने ते न सांगताच धरलं. डिंक अजून ओला होता. पट्टी नखाने सहज सुटली.